आधी काच पुसावी

दिवाळी जवळ आली की इतरांना पणत्या आठवतात. मला मात्र कंदिलाची काच आठवते. अंबड तालुक्यातल्या आमच्या खेड्यात माझे लहानपण गेले. दिवेलागणीच्या घटकाभर आधी माझी आजी (आम्ही तिला मोठी आई म्हणत असू) चुलीतली चाळलेली राख आणि जुन्या धोतराचे मऊ फडके घेऊन ओसरीवर बसायची. घरातल्या दोन कंदिलांच्या आणि एका भिंतीवरच्या दिव्याच्या काचा ती रोज पुसायची. एखाद्या दिवशी तिला सवड झाली नाही की ते काम माझ्याकडे यायचे, आणि मी ते टाळायचो. मग रात्री अभ्यासाला बसलो की उजेड कमी पडायचा. मी हळूच कळ फिरवून वात वर करायचो. मोठ्या आईचे लक्ष असायचेच. ती म्हणायची, "वात कशाला वाढवतोस रं? आधी काच पूस."

रॉकेल मोजून मिळे, म्हणून ती असे म्हणते, एवढेच मला तेव्हा वाटे. पुढे कळले की तिच्या बोलण्यात काटकसरीहून अधिक काही होते. वात वाढवली की ज्योत धुरकटते, धुराने काच आणखी काळी होते, आणि तेल जास्त जळूनही उजेड कमीच पडतो. पुसलेल्या काचेतून तेवढ्याच वातीचा उजेड थेट पुस्तकावर येतो. आज विजेच्या बचतीवर जी पुस्तके निघतात, जे कायदे होतात, त्यांचे सार या एका वाक्यात आहे, असे मला या वयात वाटते.

इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला. जालन्याचा इतिहास म्हटला की १६७९ सालची शिवछत्रपतींची स्वारी येते, १८०३ सालची असईची लढाई येते, निजामाची राजवट आणि १९४८ सालची तिची अखेर येते. हे सारे मी पोरांना सांगितले. पण याच मुलखात माणसे वैशाखातले ऊन कसे काढत, दिव्याला तेल कसे पुरवत, दोन काटक्यांवर चार माणसांचा स्वयंपाक कसा करत, हे सांगायचे राहून गेले. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. या दिवाळीला ती उणीव भरून काढतो.

आमचे घर माळवदाचे होते. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगतो. माळवद म्हणजे मातीचे सपाट छप्पर. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर दाटीने बसवलेल्या किलच्या, त्यांवर पाला-काड्यांचा थर आणि वर हात-दीड हात माती. भिंती तशाच जाड, कुठे दगडाच्या, कुठे भेंड्यांच्या. दारातून आत आले की ढाळज, मग चौक, चौकाभोवती ओसरी, आणि ओसरीच्या आत माजघर. माजघराला बाहेरच्या बाजूने खिडकी जवळजवळ नसेच. वर माळवदात हातभर रुंदीचे एक भोक असे, त्याला सवणे म्हणत. त्यातून उजेड खाली यायचा आणि चुलीचा धूर वर जायचा. पाऊस आला की सवण्यावर पत्रा किंवा फुटका माठ पालथा घालायचा. दुपारी त्यातून पडलेला कवडसा जमिनीवरून सरकत सरकत दळणाच्या जात्यापाशी आला की बायका म्हणत, तीन वाजले.

कोकणात घराला उतरते छप्पर लागते, कारण तिथे पाऊस कोसळतो. आमच्याकडे वर्षाचा पाऊस सरासरी सत्तर सेंटिमीटरच्या आतबाहेर. तेव्हा सपाट छप्पर चालते. पण कोणतीही माती चालत नाही. आमची शेतातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. ती माळवदावर टाकली तर पहिल्याच पावसात घर गळेल. माळवदाला लागते ती पांढरी माती, आणि ती मिळते जुन्या वस्तीच्या टेकाडावर. पिढ्यान् पिढ्यांच्या भिंती पडून, राख-शेण मिसळून, ती माती तयार होते. ती भेगाळत नाही आणि तिच्यावर गवतही फारसे माजत नाही. आपल्या गावगाड्यात शेताला 'काळी' आणि वस्तीला 'पांढरी' म्हणतात, ते उगीच नव्हे. एक घर मोडले की त्याची माती दुसऱ्या घराच्या डोक्यावर जाई.

या पांढरीचे वय किती असावे? आपल्याच जिल्ह्यातले भोकरदन घ्या. त्याचे जुने नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या कोरीव लेखांत भोगवर्धनच्या माणसांचा उल्लेख आहे. १९७३ च्या सुमारास नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथल्या टेकाडावर उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळची वस्ती उजेडात आली. अशी टेकाडे दख्खनभर आहेत, आणि घरावर टाकायला, शेतात घालायला लोकांनी ती शतकानुशतके खणून नेली. संशोधक त्याबद्दल हळहळतात, आणि ते खरेही आहे. पण मला त्यात दुसरेही काही दिसते. आमच्या डोक्यावरच्या छपरात दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी भिंतीची माती असू शकेल, आणि ती आम्हाला ऊन लागू देत नव्हती.

ऊन लागू देत नव्हती म्हणजे काय करत होती? जाड मातीतून उष्णता फार सावकाश आत येते. दुपारी बाराला माळवदावर तापलेले ऊन आतल्या तुळयांपर्यंत पोचायला दहा-बारा तास लागतात. म्हणजे बाहेर बेचाळीस अंशांचा जाळ असताना माजघर गार असे, आणि ती ऊब आत उतरेपर्यंत रात्र झालेली असे. आता खरी गंमत पाहा. रात्री घर आतून उबदार होऊ लागे, त्या वेळी घरात कुणीच नसे! उन्हाळ्यात सारे घर माळवदावर झोपायला जाई. संध्याकाळी माळवदावर पाण्याचा हलका शिडकावा करायचा, वाकळा टाकायच्या, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचा. निरभ्र आकाशाखाली माळवदाचा वरचा थर रात्री भराभर निवत जाई. पहाटे तर पांघरूण लागे. सकाळी आम्ही खाली यायचो, तोवर घरही निवून आमची वाट पाहत असे. दिवसा आत, रात्री वर. घराच्या बांधणीला माणसांच्या सवयीची अशी जोड होती. त्यातले एक काढून घेतले असते तर दुसरे निरुपयोगी ठरले असते.

उन्हाळ्याची बाकीची शिस्तही तशीच होती. सकाळी नऊला दारे-कवाडे लावून घ्यायची आणि दिवस कलल्यावर उघडायची. चूल उन्हाच्या आधी विझलेली असली पाहिजे. रांजण सावलीत आणि वाऱ्याच्या तोंडाशी ठेवायचा, कारण आमच्या कोरड्या हवेत रांजणाच्या अंगातून पाझरलेले पाणी झपाट्याने उडते आणि उरलेले गार होते. चौकात तुळस आणि परसात कडुनिंब. या कडुनिंबाची सावली पश्चिमेच्या भिंतीवर पडावी अशा बेताने तो लावलेला असे.

येथे इतिहासाचा शिक्षक म्हणून एक कबुली दिली पाहिजे. आपल्या पूर्वजांना सारे शास्त्र ठाऊक होते, असा पोवाडा मला गायचा नाही. बाहेरच्या भिंतीला खिडक्या नव्हत्या, त्याचे एक कारण ऊन होते, तसे दुसरे कारण भय होते. या मुलखाने फौजांच्या वाटा पाहिल्या, पेंढाऱ्यांची लूट पाहिली. दांडगे दार, आंधळी भिंत आणि आत उघडा चौक, ही रचना आधी जीव वाचवण्यासाठी होती. सपाट छप्पर धान्य वाळवायलाही हवे होते. लाकूड थोडे म्हणून खोल्या अरुंद. अशा दहा गरजांतून ते घर घडत गेले, आणि गारवा हा त्यांतला एक लाभ. पण लाभ खरा होता, यात शंका नाही.

आता चुलीकडे वळतो. आमच्या चुलीला शेजारी एक वैल असे. चुलीतला जाळ भाकरीच्या तव्याखाली आपले काम करून पुढे सरके, तो आतल्या भोकातून वैलावर येई. तव्यावर भाकरी आणि वैलावर आमटी. भाकरी आटोपल्या की त्याच निखाऱ्यांवर दूध. दूध उतरले की उरलेल्या धगीवर हातपाय धुवायच्या पाण्याचे पातेले. शेवटी निखारे राखेत पुरून ठेवायचे, म्हणजे संध्याकाळी काडी ओढावी लागत नसे. जळण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या. शेत जे देई त्यातले दाणे माणसाला, चारा बैलाला आणि उरलेले काटूक चुलीला. डाळ आधी भिजत घालायची, भांड्यावर झाकण ठेवायचे, झाकणावर पाणी ठेवायचे, म्हणजे तेही आयतेच कोमट होते. आज आपण हेच उपाय स्वयंपाकाच्या गॅसच्या जाहिरातीत वाचतो.

घराबाहेरही हाच विचार दिसतो. जालना शहरात १५७८ साली जमशेदखानाने काळी मशीद बांधली. मोती तलावही त्यानेच बांधल्याची आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी व हौदांनी शहरात पाणी खेळवल्याची नोंद जुन्या गॅझेटियरांत आहे. त्या नळांना कुठलेही यंत्र नव्हते. तलाव उंचावर, शहर खाली; पाणी आपल्या स्वभावाने उताराला लागे. शेजारच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर आणली तीही अशीच. तिथल्या पाणचक्कीत तर उतरत्या पाण्याने पीठही दळले जाई. पुढे निजामी अमलात घाणेवाडीचा तलाव झाला, आणि त्याचे पाणीही उताराच्याच बळावर जालन्याकडे आणले गेले. आज शहर वाढले आहे. पैठणच्या जायकवाडी जलाशयातून पाणी येते, ते उपसून आणावे लागते, आणि उपशाला वीज लागते. तेव्हा जालन्यात सकाळी वाहता सोडलेला नळ म्हणजे पाणी आणि वीज दोन्ही वाहती सोडणे आहे, हे पूर्वीच्या जालनेकराला लागू नव्हते, आपल्याला आहे.

इथवर लिहून मी थांबलो आणि आमच्या वहिनींना वाचून दाखवले. वहिनी आता ऐंशीच्या पुढे आहेत. लग्न होऊन त्या त्याच माळवदाच्या घरात आल्या आणि तीस वर्षे तिथे राहिल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "भाऊजी, सगळं खरं लिहिलंत. पण गारवा तुमच्या वाट्याला आला, शेण-माती आमच्या."

मी निरुत्तर झालो. खरेच होते. दर उन्हाळ्याच्या अखेरीस माळवदावर नवी माती टाकायची. ती पांढरीवरून टोपल्यांनी कोण आणी? बायका. भिंती कोण सारवी, भुई कोण सारवी, गोवऱ्या कोण थापी? पहाटे तीनला उठून जात्यावर कोण बसे? सवण्यातून धूर वर जाई असे मी मोठ्या डौलात लिहिले आहे. तो सगळा जात नसे. पावसाळ्यात सवणे झाकलेले असे, पऱ्हाट्या ओल्या असत, आणि फुंकणीने फुंकता फुंकता मोठ्या आईचे डोळे लाल होत. म्हातारपणी तिला दम्याने गाठले. आम्ही त्याला वयाचे दुखणे म्हणालो. वैलाचे गुण मी गायले, पण त्या चुलीच्या धुराचा हिशेब मांडला नाही.

मग मला जालन्याचीच दुसरी एक गोष्ट आठवली. १८२७ साली जालन्यात इंग्रजी छावणी वसली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ती तिथे होती. हिंदुस्थानातल्या साऱ्या छावण्यांतून साहेबाच्या बंगल्याची रीत एकच असे. उंच छत, रुंद व्हरांडा, दाराला वाळ्याच्या ताट्या आणि छताला टांगलेला कापडी झालरीचा पंखा. ताट्यांवर पाणी मारायला एक माणूस आणि पंख्याची दोरी ओढायला दुसरा. तो बाहेर व्हरांड्यात बसून, कधी पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून, रात्रभर ओढत राही. साहेबाला वाटे, गारवा फुकटात मिळाला. कोळसा जळाला नाही, तेल जळाले नाही. जळाला तो माणूस. आमच्या वाड्यात पंखेवाला नव्हता. पण वहिनींचे बोल ऐकल्यावर मला दोन्ही घरांतला फरक वाटला होता त्याहून कमी वाटू लागला.

माळवदाचा आणखी एक हिशेब राहिला आहे, आणि तो फार जड आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, किल्लारीला भूकंप झाला. आदल्या रात्रीच गणपती बोळवून लोक झोपले होते. पावसाळ्याचे दिवस, म्हणून सारे आत, माळवदाखाली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. धक्का जगातल्या मोठ्या भूकंपांतला नव्हता. पण भिंती दगडाच्या दोन पदरांच्या आणि आत मातीची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड फारसे नव्हते. आणि वर वर्षानुवर्षे मातीवर माती चढत जाऊन मूळच्या दुप्पट-तिप्पट वजनाची झालेली माळवदे. गळले की टाक माती, गळले की टाक माती, ही सवय जीवघेणी ठरली. ज्या मातीने उन्हापासून राखले तिच्याचखाली गावे गाडली गेली.

त्या वर्षी मराठवाड्याला माळवदाची धास्ती बसली. आमच्या घरावरची मातीही त्याच हिवाळ्यात उतरवली. माती उतरवायला चार दिवस लागले. वर पत्रे आले. पत्र्याखालचा पहिला उन्हाळा मला आठवतो. मोठी आई तेव्हा नव्हती, हे बरे असे वाटले. दहा वर्षांनी पत्रे जाऊन स्लॅब आला. त्यात लागलेली सळई जालन्याचीच होती. जालना आज पोलादाच्या सळयांसाठी देशभर ओळखला जातो. भट्ट्यांना आणि रोलिंग मिलना लागणारी वीज आपल्या घरांच्या हिशेबात बसणारी नाही. घर पक्के झाले, उंदीर गेले, सारवण गेले, वहिनींची पाठ सुटली. त्या म्हणाल्या, "आता मरेस्तोवर माती नको." त्यांना तसे म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

पण स्लॅबचा स्वभाव माळवदाच्या उलट. चार-पाच इंचांच्या काँक्रीटमधून दुपारचे ऊन तीन-चार तासांत आत उतरते. म्हणजे माणसे कामावरून घरी येतात, पोरे अभ्यासाला बसतात, तेव्हा छत खाली जाळ ओतू लागते आणि मध्यरात्रीपर्यंत ओतत राहते. पंखा लावला तर तो छताजवळची तापलेली हवाच खाली ढकलतो. मग कूलर येतो, मग वातानुकूलन यंत्र येते. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन शिगेला पोचले, तेव्हा खेड्यांतून दिवसाचे कितीतरी तास वीज नसे. त्या रात्री आम्ही स्लॅबवर झोपायला गेलो, आणि पाठीला चटका बसून खाली आलो. घराची बांधणी बदलली होती. जुनी सवय तिच्याशी जुळेना. वर ठीक नाही, खाली ठीक नाही, अशी आमची गत झाली.

तेव्हा करायचे काय? माळवदाकडे परत जा असे मी म्हणणार नाही. किल्लारीनंतर ते म्हणवतही नाही. पण जुन्या घरातले शहाणपण वेगळे आणि त्याचे सोसणे वेगळे; पहिले ठेवून दुसरे टाकता येते. त्यासाठी मोठ्या आईच्या वाक्याकडे परत जाऊ. वात वाढवणे म्हणजे आणखी वीज आणणे. काच पुसणे म्हणजे जी आहे ती वाया जाते कुठे, ते पाहणे.

आमच्या स्लॅबची काच आम्ही अशी पुसली. दर फाल्गुनात गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात देतो. पांढरा रंग ऊन बरेचसे परतवून लावतो, हे सांगायला पंडित नकोत. अहमदाबाद शहराने २०१७ पासून हा उपाय गरीब वस्त्यांतून राबवला, आणि जुन्या निजामी राजधानीत, हैदराबादेत, तेलंगण सरकारने २०२३ साली अशा गार छपरांचे धोरणच जाहीर केले. चुना द्यायला माझा पुतण्या चढतो. वहिनी खाली खुर्चीवर बसून सूचना देतात. पश्चिमेच्या भिंतीशी कडुनिंब पुन्हा लावला आहे. त्या बाजूच्या खिडकीवर बाहेरून तट्ट्या बांधतो, कारण काचेतून आत शिरलेले ऊन पडद्याने अडत नाही, ते बाहेरच अडवावे लागते. सकाळी नऊला खिडक्या बंद आणि संध्याकाळी समोरासमोरच्या उघड्या, ही शिस्त तशीच आहे. नवे घर बांधणाऱ्यांसाठी आता देशात नियमही आहेत. २०१८ साली केंद्र सरकारने निवासी इमारतींसाठी इको-निवास संहिता काढली. भिंतींतून आणि छतातून किती उष्णता आत येऊ द्यावी याच्या मर्यादा तिच्यात घातल्या आहेत. माझ्या आजोबांना ती वाचता आली नसती. पण समजली नक्की असती.

घरातल्या हिशेबात आपली नजर फार वेळा चुकीच्या जागी जाते, तेवढे आकड्यांत सांगतो. खोलीतला दिवा विसरला म्हणून आपण मुलांवर ओरडतो, आणि स्वतः उकळत्या पाण्याने अंघोळ करतो. पंधरा लिटरची बादली वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यायला विजेचे जवळजवळ ०.४४ युनिट लागते. तेवढ्यात नऊ वॅटचा एलईडी दिवा दोन दिवस आणि दोन रात्री अखंड जळतो. दिवा विझवावाच; पण हिशेब पाण्याचा मोठा आहे. म्हणून अंघोळीच्या पाण्याला सूर्याचा बंब लावला तो सार्थकी लागला. आमच्या जिल्ह्यात उन्हाची टंचाई कधीच नव्हती. जुना पंखा साधारण पंचाहत्तर वॅटचा असतो, नवा त्याच्या निम्म्याहून कमी विजेत तेवढाच वारा देतो. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र तासाला एक-दीड युनिट ओढते. ते लावणारच असाल तर चोवीस अंशांवर ठेवा. अंशागणिक सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा दक्षता ब्यूरोचे सांगणे आहे. यंत्रावर चिकटवलेल्या ताऱ्यांची पद्धत याच ब्यूरोने २००६ साली सुरू केली. आणि कोरड्या उन्हाळ्यात आमच्या भागाला कूलर पुरतो. तो रांजणाचाच नवा अवतार आहे.

चुलीबद्दल वहिनींचे मत मी अखेरचे मानतो. गॅस आला तो बचतीसाठी नव्हे, डोळ्यांसाठी आला, आणि यावाच. पण झाकण ठेवणे, डाळ भिजवणे, आच बेताची ठेवणे हे त्यांनी गॅसवरही सोडलेले नाही. सिलिंडर किती दिवस गेला ते त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवतात. सुनेने एकदा विचारले, "आत्या, एवढं कशाला?" तर म्हणाल्या, "मी जळण डोक्यावर आणलंय गं. तुला सिलिंडर दारात येतो, म्हणून तुला तो हलका वाटतो."

मला वाटते, बचतीचा खरा अर्थ इथे आहे. दारात आलेली कुठलीही शक्ती हलकी वाटते. तिचे ओझे दुसरीकडे कुणीतरी वाहिलेले असते. पूर्वी ते घरातल्या बाईने वाहिले, साहेबाच्या पंखेवाल्याने वाहिले. आज आपली बरीचशी वीज कोळशावर होते. ओझे आता खाणीतला मजूर वाहतो, राखेजवळचे गाव वाहते, आणि वाढत्या उन्हाळ्यात उघड्यावर काम करणारा प्रत्येक जण वाहतो. इतिहासाने मला शिकवलेला धडा एवढाच की, कुणी गारवा फुकट मिळाला म्हणू लागला तर दोरी कोण ओढते आहे ते पाहावे.

यंदाच्या दिवाळीलाही घरात चार-दोन पणत्या लागतील, आणि विजेची माळही लागेल. नातवाला आनंद होतो, त्यात मी काटकसर आणणार नाही. फक्त परवा तो तक्रार घेऊन आला, "आजोबा, माझ्या खोलीतला दिवा मंद झालाय, जास्त वॅटचा आणू या." मी खुर्ची घेतली, वर पाहिले. दिव्यावरच्या काचेच्या घुमटीत वर्षाची धूळ आणि मेलेले किडे साठले होते. राख आता घरात मिळत नाही. ओले फडके त्याच्या हातात दिले.

त्याने घुमटी पुसून परत बसवली आणि कळ दाबली. वहिनी दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या हसल्या आणि स्वयंपाकघरातला दिवा विझवायला निघून गेल्या.